बेचाळिसाव्या मीटरचा संगमरवर

बोगद्याच्या कामावर जमिनीत खोल भोकं पाडून काढलेल्या दगडांच्या नमुन्यांचं गोदाम भिंगकाका सांभाळत. गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग, त्यावरून हे नाव पडलं होतं. संशय मात्र जन्माचा. दूधवाल्याने पाणी घातलं नाही, तरी यामागे काय डाव असेल, असा विचार करणारा माणूस!

पेटीत मनगटाएवढ्या जाड दगडी कांड्या खोलीच्या क्रमाने मांडलेल्या असत. तुटलेल्या कांडीचं टोक पुढच्या कांडीच्या टोकात नेमकं बसलं, तरच काका सही करत.

नवव्या भोकाची पेटी आली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. एक्केचाळीस मीटरपर्यंत राखाडी चुनखडी, शिंपल्यांच्या चुऱ्याने भरलेली. कुठल्यातरी जुन्या समुद्राचा घट्ट झालेला गाळ. बेचाळिसाव्या मीटरला एकदम साखरेसारखा दाणेदार, पांढराशुभ्र संगमरवर! शिंपला औषधालाही नाही. मधल्या कांडीचा चुरा झालेला, त्यामुळे टोकं जुळायचा प्रश्नच नव्हता.

भोकं पाडणारं मशीन चालवणारा होता त्यांचा मेहुणा, आणि मेहुण्याच्या घराखाली होतं फरशीचं दुकान. काकांना एवढं पुरे झालं. त्यांनी दोन्ही दगडांवर अ‍ॅसिडचा थेंब टाकला. दोन्ही मुळात चुन्याचेच, त्यामुळे सारखेच फसफसले; फरक काही कळेना.

"साक्षीदारसुद्धा फितूर," ते पुटपुटले.

त्यांनी मशीन थांबवलं, भोकावर झाकण ठोकलं आणि साहेबांना पत्र लिहिलं: नमुना बदलल्याचा संशय आहे. पत्र अजून खिशातच होतं; ते गेलं असतं, तर मेहुण्याची नोकरी गेली असती.

"माझ्या भावाला चोर ठरवताय?" बायको कडाडली. "आधी त्याला विचारा तरी!"

काकांनी विचारलं. मेहुणा हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "भावोजी, कांडी माझ्या हातून फुटली, कबूल. पण दगड जमिनीचाच. दोन पावलांवर दुसरं भोक पाडतो. तुम्ही खुर्ची टाकून बसा. डोळे मिटू नका म्हणजे झालं."

काका बसले. तीन दिवस चहासुद्धा तिथेच. मेहुण्याच्या खिशांकडेही अधूनमधून नजर जाई. तिसऱ्या दुपारी एक्केचाळीस ते बेचाळीस मीटरची कांडी अखंड निघाली. काकांनी भिंग लावलं. वरच्या टोकाला शिंपले, खाली ते पुसट होत गेलेले, आणि शेवटी नुसते पांढरे चकाकते दाणे. एकच कांडी, कुठेही सांधा नाही.

"अजून खाली जाऊ द्या," काका हळूच म्हणाले.

पंचेचाळिसाव्या मीटरला काळाकभिन्न खडक लागला. कधीकाळी तो वितळलेल्या रसाच्या रूपात चुनखडीत घुसला होता. त्याच्या धगीने वरची चुनखडी भाजून, दाणा बदलून संगमरवर झाली होती. आधीचं भोक आणखी तीन मीटर खोल गेलं असतं, तर हा खडक तेव्हाच दिसला असता. पण मशीन काकांनीच थांबवलं होतं.

त्यांनी पेटीवर सही केली, पत्र खिशातून काढलं आणि मेहुण्यासमोर त्याचे चार तुकडे केले.

"चुकलं माझं."

मेहुण्याने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "भावोजी, झेरॉक्स कुठंय?"

काका गोदामात गेले, कपाटाचं कुलूप उघडलं आणि झेरॉक्स आणून त्याच्या हातावर ठेवली.

"एकच होती?"

"एकच," काका म्हणाले. मेहुण्याने तरी कपाट बघितलंच.