सपत्नीक उपस्थित राहावे

सूचना मीच टाइप केली होती. तीन कार्बन घालून चार प्रती. ‘श्रावणमासानिमित्त कार्यालयात श्री सत्यनारायणाची पूजा आयोजित करण्यात आली आहे. सर्व कर्मचाऱ्यांनी सपत्नीक उपस्थित राहावे.’ खाली साहेबांची सही आणि वर, सरकारी कागदाला हवाच म्हणून, जावक क्रमांक. देवाच्या पूजेला जावक क्रमांक पडलेला मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला, आणि तो टाकणाराही मीच होतो.

गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच चांद्यापासून वेगळा झाला होता. आमचं ऑफिस रस्त्यांचं. सूरजागडच्या डोंगरांकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका लहानशा गावी ते होतं. नाले भरले की हे रस्त्यांचं ऑफिस रस्त्याअभावी चार-चार दिवस बंद पडायचं. इकडे आपणहून कोणी येत नसे. वरचे ज्याच्यावर नाराज, तो इकडे. आलेला माणूस पहिल्या दिवशी बदलीचा अर्ज लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी खोली शोधायचा. बायकामुलं नागपूरला, वरोऱ्याला नाहीतर चंद्रपूरला ठेवलेली. साहेब तर थेट पुण्याकडचे. त्यांच्या पत्नीला हा जिल्हा नकाशातसुद्धा बघायचा नाही, असं ते स्वतःच हसत हसत सांगायचे.

माझाही अर्ज साहेबांच्या टेबलाच्या खणात होता. मला चंद्रपूर हवं होतं. आई गेल्यापासून बाबा गोंडपिपरीजवळच्या आमच्या गावी एकटेच राहत होते. दम्यानं त्यांना बसल्या जागी धाप लागायची, आणि मी दोन एसट्या आणि कितीतरी नाल्यांच्या पलीकडे. साहेबांनी शिफारस लिहिली की काम होण्यासारखं होतं. ते ‘बघू’ म्हणाले होते. सरकारी ‘बघू’वर माणूस वर्षभर जगतो, तसा मी जगत होतो.

पूजेची सूचना फिरली आणि मग घोडं अडलं. पूजेला बसायला जोडपं लागतं. आमचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे बडेबाबू म्हणत, ते कागद घेऊन जोडपी शोधायला बसले. त्यांची स्वतःची बायको वरोऱ्याला. ओव्हरसियरची माहेरी बाळंतपणाला. स्टोअरकीपर अजून मुलगी बघतच होता. शिपाई इथलाच, गोंड, पण त्याची बायको दोन वर्षांपूर्वी वारलेली. तो म्हणाला, “आमचा देव झाडाखाली रायते बाबू. त्याले कागद पाठवून बलावता येत नाई.” बडेबाबूंनी त्याचंही नाव खोडलं. शेवटी अख्ख्या कार्यालयात सपत्नीक असा एकच माणूस उरला. मी. माझी बायको तिथल्याच शाळेत मास्तरीण होती, म्हणून आमचा संसार एका जागी होता. बडेबाबूंचं पेन माझ्या नावापाशी आलं, थबकलं. त्यांनी टोपण लावलं आणि ते पान खायला निघून गेले.

अडचण बडेबाबूंची होती, तशी माझीही. आम्ही बौद्ध. ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. आम्हाला पूजेला बसवायचं बडेबाबूंच्या जिवावर आलं होतं, पण तसं तोंडानं म्हणण्याचे दिवस राहिले नव्हते. आणि मला तर बसायचंच नव्हतं. बाबांनी छप्पन साली चांद्याला दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या आणि घरी येऊन देव्हाऱ्यातले सगळे देव टोपलीत घालून नदीत सोडले. मी तेव्हा पाचेक वर्षांचा. त्यातला एक पितळी देव मी खेळायला मागितला आणि पाठीत दणका खाल्ला. धर्मांतराची माझी पहिली आठवण ती आहे. त्या माणसाचा मुलगा चौरंगापुढे पळी-पंचपात्र घेऊन बसला, हे बाबांच्या कानावर गेलं असतं, तर त्यांना दम्याची गरज उरली नसती.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, “विचारलं त नाई म्हणान नं तुमी? का मी येऊन सांगू?”

मी म्हणालो, हे काय विचारणं झालं.

पण पुढचे तीन दिवस माझं टायपिंगकडे लक्ष नव्हतं. मी मनातल्या मनात साहेबांपुढे उभा राहून भाषण करत होतो. एकात राज्यघटना होती. एकात नम्रपणा जास्त होता. एक इतकं बाणेदार होतं की मलाच त्याची भीती वाटली. आणि गंमत अशी, की कुठल्याही भाषणाच्या शेवटी ‘साहेब, आमचा तेवढा अर्ज’ हे शब्द आपोआप यायचेच. साहेबांच्या खोलीची घंटी वाजली की मी मशीनवरचे हात उचलून दाराकडे बघायचो. मला चंद्रपूर हवं होतं आणि बायकोपुढे मान वर करून जेवायचंही होतं, आणि ही दोन्ही एकदम कशी जमवायची ते कळत नव्हतं.

घंटी माझ्यासाठी वाजलीच नाही. पूजेच्या आदल्या दुपारी आलापल्लीहून भटजी आले, बडेबाबूंची अडचण ऐकली आणि क्षणात मोकळे झाले. साहेबांनीच बसावं, म्हणाले. पत्नी हजर नसेल तर यजमानानं कमरेला एक सुपारी खोचायची, तीच पत्नीच्या जागी. शास्त्रात सोय आहे.

हे मी माझ्या खुर्चीत बसून ऐकलं. जीव भांड्यात पडला. आणि पुढच्याच मिनिटाला तळपायाची आग मस्तकात गेली. मला बसायचं नव्हतं हे खरं. पण जितीजागती, बी.ए. झालेली, पन्नास पोरं सांभाळणारी माझी बायको गावात असताना या लोकांना सुपारी चालत होती. ज्याला मी नकार देणार होतो, ते मला कोणी विचारलंच नाही, याचा मला इतका संताप आला की मी त्या दिवशीची दोन पत्रं चुकीच्या पत्त्यावर पाठवली.

पूजा थाटात झाली. चौरंग साहेबांच्या खोलीत मांडला होता, भिंतीवरच्या पुढाऱ्यांच्या फोटोंखाली. निळ्या कोटातला आमचा फोटो त्यात नव्हता. तो कपाटात असायचा, वर्षातून एकदा जयंतीला बाहेर निघायचा, हार घालून पुन्हा आत. साहेब पितांबर नेसून, कमरेला सुपारी खोचून बसले होते आणि दर दहा मिनिटांनी हळूच हात लावून ती जागेवर आहे का ते बघत होते. आरतीनंतर त्यांनी चार शब्द सांगितले. आपलं कार्यालय धर्मनिरपेक्ष आहे, म्हणाले, म्हणूनच सर्व जातिधर्मांची माणसं आज पूजेला हजर आहेत. टाळ्या पडल्या. मी शेवटच्या रांगेत होतो. टाळ्या मीही वाजवल्या, आणि प्रसादाचा द्रोण हातात आला तो शिपायाकडे सरकवला. माझं बंड ते एवढंच.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, काय झालं. मी सुपारीची हकीकत तिखटमीठ लावून सांगितली. ती पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, “विचारलं नाई म्हणून वाचले तुमी. विचारलं असतं त?”

मी म्हणालो, नाहीच म्हणालो असतो. ती भाकरी थापायला उठली.

सत्यनारायण पावला, पण तो साहेबांना. महिन्याच्या आत त्यांचा पुण्याचा हुकूम आला आणि ते असे गेले की टेबलाचा खणही आवरला नाही. माझा अर्ज त्यात शिफारशीशिवाय पडून राहिला. नवे साहेब येईपर्यंत बदल्यांचे दिवस सरले होते.

दसऱ्याला आम्ही दोघं गावी गेलो. बाबा बाजेवर उशीला टेकून बसले होते. मला बघताच त्यांनी हात पुढे केला आणि माझा हात बराच वेळ सोडला नाही. हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. मग हळूहळू कळलं. आमच्या पूजेची बातमी बाजारातून, एसटीतून फिरत फिरत गोंडपिपरीपर्यंत पोचली होती, आणि वाटेत लोकांनी हिशोब केला होता. ऑफिसात एकच जोडपं, ते बौद्ध, तरी साहेबाला सुपारी खोचावी लागली, म्हणजे आपल्या पोरानं बसायला नकार दिला असणार. आणि बदली झाली नाही, म्हणजे साहेबानं त्याचा सूड उगवला असणार. विहारात बाबांनी हे सगळ्यांना सांगितलं होतं. शेजारची माणसं मला बघायला येऊन गेली.

“बदली गेली त जाऊ दे,” बाबा म्हणाले. मधे थांबून त्यांनी श्वास घेतला. “तू साहेबाच्या तोंडावर नाई म्हणला. मले पुरलं.”

बायको चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं, याची ती साक्षीदार आहे. पण बाबांचा चेहरा मी इतका सुखी कधी पाहिला नव्हता. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असावा. मला अतोनात लाज वाटत होती, आणि सांगायला हरकत नाही, थोडं बरंही वाटत होतं. परतताना एसटीत बायको सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. गाव जवळ आल्यावर एवढंच म्हणाली, “आता पुढच्या वर्षी खरंच म्हणा लागन.”

बाबा उन्हाळ्यात गेले. मी पोचलो तेव्हा विहारातली माणसं अंगणात बसली होती आणि एकजण दुसऱ्याला सांगत होता, याच पोरानं ते पूजेला नाई म्हटलं होतं.

पुढचा श्रावण आला. पुन्हा मीच सूचना टाइप केली, कार्बन घालून. नवे साहेब नागपूरचे, सरळ माणूस. बडेबाबू आडून काही सुचवणार तेवढ्यात त्यांनी मलाच बोलावलं आणि विचारलं, तुम्ही दोघं पूजेला बसता का.

माझं एकही भाषण मला आठवलं नाही. “नाही साहेब,” मी म्हणालो. “आम्ही बौद्ध आहोत. आम्ही पूजेला बसत नाही.”

“बरं,” साहेब म्हणाले, आणि बडेबाबूंकडे वळून, “मग सुपारी आणायला सांगा.”

झालं. कार्बन बदलायला याहून जास्त वेळ लागतो. मी बाहेर येऊन खुर्चीत बसलो. मशीनवर कोरा कागद चढवला आणि बाबांना पत्र टाइप करावं असं वाटलं. पण ज्यांना कळवायचं, त्यांना ते वर्षभर आधीच कळलेलं होतं, आणि ते ऐकून ते गेलेही होते.