कॅसेटवरची चिकटपट्टी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवासमोर हात जोडतानाही नाही, तिथेही मी दुसरंच काहीतरी पुटपुटत असते. आता लिहिते, कारण तोंडाने सांगायला बसले तर मध्येच कुणीतरी 'जाऊ दे हो' म्हणेल. मला ते नको आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. वाक्यं वेडीवाकडी झाली तर तुम्ही सरळ करून घ्या.

गेल्या महिन्यात जर्मनीहून एक पुस्तक आलं. पाट्यासारखं जड. माझ्या मुलाच्या, नंदूच्या बँडचा इतिहास. त्यात एका पानावर माझा फोटो आहे. मी मुलीच्या शारजातल्या, अल नहदाच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसले आहे आणि तोंड कडू औषध घेतल्यासारखं. नातीने फोन त्या पानावर धरला आणि जर्मनचं इंग्रजी, इंग्रजीचं तिच्या मोडक्या मराठीत करून सांगितलं. फोटोखाली लिहिलंय म्हणे — धैर्यवान आई.

ते ऐकून मला पुस्तक खिडकीतून खाली टाकावंसं वाटलं. एकविसावा मजला आहे, खाली माणसं चालतात, म्हणून टाकलं नाही.

तुम्ही विचाराल, इथल्या रोल्ला भागात खानावळ चालवणाऱ्या बाईचा मुलगा जर्मन बँडमध्ये कसा? मलाही कळलं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी तो तिकडे जहाजाची इंजिनं शिकायला गेला. दुसऱ्या वर्षी शिकणं सोडलं. त्या बंदराच्या शहरात एक जुनी इमारत रिकामी पडून होती, तिचं कुलूप तोडून वीस-पंचवीस पोरं राहायला गेली, त्यात हा. तिथल्या तळघरात चौघांनी बँड काढला. नंदू गाणारा. गाणारा म्हणजे ओरडणारा. हार्डकोर पंक म्हणतात त्याला — एक गाणं दीड मिनिटाचं, आणि बाजारात दोन भाजीवाले भांडावेत तसा आवाज. पण रिकामं ओरडणं नव्हतं ते, हेही सांगितलं पाहिजे. तेव्हा तिकडे परदेशी मजुरांच्या वसतिगृहांना आगी लावत होते. ही पोरं त्या दारांपुढे पाळीपाळीने पहारा द्यायची. कार्यक्रमाचे पैसे त्यांच्यातल्या पोलिसांनी पकडलेल्या पोरांच्या वकिलाला द्यायची. कार्यक्रमानंतर नंदू सगळ्यांना उसळ करून घालायचा, मसाला माझा.

बँडचं जर्मन नाव माझ्या तोंडात बसत नाही. त्याचा अर्थ — वेगळं ताट.

हे नाव कुठून आलं यावर पुस्तकात म्हणे तीन-चार पानं आहेत. कुणी म्हणतं तिकडच्या कारखान्यात परदेशी मजुरांना वेगळं जेवायला बसवायचे, त्यावरून. कुणी आणखी काही. नंदूला विचारलं की तो एवढंच म्हणतो, 'ते एका गाण्यात होतं. गाणं आता नाही.'

गाणं आता नाही. बत्तीस वर्षं झाली. ते कुठे गेलं ते मला माहीत आहे.

आमच्या वेळी इकडची माणसं पत्रं कमी लिहायची. कॅसेट भरायची. टू-इन-वनसमोर बसायचं, लाल बटण दाबायचं, अर्धा तास बोलायचं, पोस्टात टाकायचं. गावची माणसं ऐकायची, त्यावरच आपलं बोलणं भरायची आणि परत पाठवायची. एकच कॅसेट वर्षभर शारजा-संगमेश्वर ये-जा करायची. माझ्यासारख्या चौथीवालीला ते बरं होतं. नंदूलाही तीच सवय. जर्मनीहून कॅसेट यायची, एका बाजूला त्याचं बोलणं — थंडी, खोकला, मसाला संपला.

त्या वेळी मात्र दुसऱ्या बाजूला गाणी होती. बारा. तळघरात भरलेली, त्यांची पहिलीच. बोलण्याच्या शेवटी म्हणाला, 'आई, पलटून ऐक. पाचवं मराठीत आहे. ते एकदा तरी ऐकच.'

ऐकलं. मी एकटी घरात होते, हे दुकानात.

आता इथे मी थांबले होते. दोन दिवस वही बंद ठेवली. कारण पुढचं सांगायचं तर आधी शांतारामचं सांगावं लागतं, आणि तेच मला नको होतं.

आमच्या खानावळीत कोण जेवत नव्हतं? मल्याळी, पठाण, बांगलादेशी, श्रीलंकेचे, गोव्याचे. कुणाला मी कधी जात विचारली नाही. विचारून करणार काय, मला त्यातलं कळणार काय? सगळ्यांना तीच स्टीलची ताटं, घासायला एकच टब. फक्त शांतारामचं ताट वेगळं. तो इमारतीची गटारं आणि पाइप साफ करायचा. पण म्हणून नव्हे. गटाराचं काम करणारे आणखी दोघे होते, एक नेपाळी, एक मद्रासी, ते सगळ्यांच्या ताटात जेवायचे. शांताराम माझ्या तालुक्याचा होता. आडनाव सांगितल्याबरोबर मला त्याची वाडी कळली, वाडी कळल्यावर बाकीचं कळलं. समुद्र ओलांडून आलेली बाई मी, आणि एवढ्या माणसांत मला तो एक नेमका ओळखता आला. त्याचं ताट, त्याचा पेला मी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचे. त्याचं त्याने धुवायचं, तिथेच परत ठेवायचं.

तो कधी भांडला नाही. एकदाच सगळ्यांसमोर हसत म्हणाला, 'वहिनी, तुमचं बरं आहे. बाकीच्यांची ताटं अदलाबदल होतात, माझं मेलं कधी हरवत नाही.' सगळे हसले. पठाणाला काही कळलं नाही, तोही हसला. मीही हसले. नंदू तेव्हा चौदाचा होता, कोपऱ्यात कांदा चिरत बसला होता. तो हसला नाही.

पाचवं गाणं त्या ताटाचं होतं. 'खिडकीतलं ताट कुणाचं, आई? नाव सांग, आई.' एवढंच, पुन्हा पुन्हा, घसा फाटेपर्यंत. माझं नाव नव्हतं त्यात. 'आई' होतं. ते नावापेक्षा वाईट. नाव कुणाचंही असतं.

तुम्हाला वाटेल, मला लाज वाटली. नाही. मला राग आला. याला जेवू घातलं, विमानाचं तिकीट काढलं, आणि हा जर्मन पोरांसमोर माझ्या खिडकीचं गाणं करतो? मी ते पुन्हा एकदा ऐकलं, राग पुरेसा झाला की नाही ते बघायला. मग कॅसेट काढली आणि त्या बाजूवर बहिणीला संगमेश्वरला पत्र भरायला घेतलं.

आणि इथेच मला पळवाट आहे, बघा. म्हणता आलं असतं — सवयीने झालं. कॅसेट पुसून वापरायचीच रीत होती, चौथी शिकलेली बाई, तिला काय कळणार कुठली जपायची? कुणीही मानलं असतं.

पण नंदूला आमची रीत माहीत होती. म्हणून त्याने कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडून पाठवले होते. ते मोडले की लाल बटण दाबलं जात नाही, कॅसेट पुसता येत नाही. मी दाबलं, ते दबलं नाही. तेव्हा मी उठले. डब्यांवर नावं चिकटवायची चिकटपट्टी फळीवर होती. तिचा तुकडा दातांनी तोडला, भोकावर लावला, नखाने घट्ट बसवला. मग बटण दबलं.

सवयीने कुणी चिकटपट्टी लावतं का?

पाऊण तास बोलले मी. कांद्याचा भाव, भाचीचं लग्न, माझा गुडघा. दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकली.

तिथेच राहिलं असतं तर एक वेळ — पण नाही राहिलं. चार महिन्यांनी पोलिसांनी त्यांची इमारत रिकामी केली. सामान रस्त्यावर फेकलं, वरून पाऊस. मूळ टेप त्यात गेली. नंदूचा फोन आला, 'आई, ती कॅसेट जपून पाठव. तेवढीच उरली आहे.'

मी म्हटलं, कॅसेट आलीच नाही. पाकीट फोडलेलं होतं. इथल्या पोस्टाच्या तपासणीत काढून घेतली असेल.

तेव्हा तपासायचेही, त्यामुळे त्याला खरं वाटलं. मी तेही थंडपणे बोलले, भात किती लावू विचारावं तसं. तो चिडला. म्हणाला, मी येतो तिथे, विचारतो कोणी घेतली, का घेतली. तो आला असता. तसाच आहे तो. म्हणून मी आणखी एक घातलं, 'येऊ नकोस. पोलीस घरी येऊन गेले. तुझं नाव लिहून नेलंय.'

कुणी आलं नव्हतं. या देशात मी चव्वेचाळीस वर्षं आहे, माझ्या दारात वीज आणि गॅसवाल्यांखेरीज कुणी आलेलं नाही.

आणि मग काय झालं ते त्या जाड पुस्तकात आहे. बँडने ठरवलं, जे गाणं हिसकावून घेतलं ते परत मिळेपर्यंत पुन्हा म्हणायचं नाही. दर कार्यक्रमात पाचव्या गाण्याच्या जागी चौघे दीड मिनिट गप्प उभे राहतात. समोरची पोरंही गप्प, मुठी वर करून. बत्तीस वर्षं. सगळीकडे. नातीने मला फोनवर दाखवलं — दोन-तीनशे माणसं, घामाने भिजलेली, एवढी आदळआपट चाललेली, आणि एकदम टाचणी पडली तर ऐकू येईल. कित्येकांच्या डोळ्यांत पाणी. कशासाठी? माझ्या कांद्याच्या भावासाठी. मला त्या पोरांचा संताप आला. मग म्हटलं, त्यांचा कशाला?

पुस्तक लिहिणारी बाई माझ्याशी व्हिडिओवर बोलली. कात्या. केस पांढरे, नाकात बाली, बोलायला सरळ. मध्ये नात.

'आजी, शी इज आस्किंग, ते गाणं तू कधी ऐकलंस का?'

म्हटलं, नाही.

'शी सेज, यू आर पार्ट ऑफ देअर हिस्टरी. शी वॉन्ट्स टु थँक यू.'

'सांग तिला, डाळ चुलीवर आहे.'

नात हसली, तिनेही काहीतरी गोड करून सांगितलं असेल. कात्याने छातीवर हात ठेवला. त्या वेळी सांगता आलं असतं. दोन वाक्यं होती. मी उठून डाळ ढवळायला गेले. डाळ चुलीवर नव्हतीच.

शांताराम पुढे गावी गेला. आहे की नाही, माहीत नाही. मी चौकशी केली नाही.

आता एक राहिलं. तिथे पोचायला मी एवढं लिहिलं, खरं तर बाकीचं सगळं यापुढे काहीच नाही.

नंदू मला आणि यांना गावी भेटायचा, तीन-चार वर्षांनी, आम्ही सुट्टीवर गेलो की. शारजात तो पाय ठेवत नव्हता. मग हे आजारी पडले. इथल्या हॉस्पिटलात अकरा दिवस होते, विमानात घालून नेण्यासारखे राहिले नव्हते. चौथ्या दिवशी नंदूचा फोन आला. 'आई, मी तिकीट काढतो. पकडलं तर पकडू दे. बाबांना बघू दे.'

मी कॉरिडॉरमध्ये उभी होते. समोर पाण्याचं मशीन. एवढं आठवतं, आणि डोक्यात काय चाललं होतं तेही आठवतं. तो येईल. शिक्का मारून घेईल, दहा मिनिटांत बाहेर येईल. कुणी अडवणार नाही, कुणी नाव विचारणार नाही. आणि मग तो माझ्याकडे बघेल.

मी म्हटलं, 'अजिबात यायचं नाही. विमानतळावरच धरतील. बापाला मरताना हे ऐकवायचं आहे का तुला?'

तो रडला. तेहेतीस वर्षांचा माणूस, जो माइकवर पोलिसांना शिव्या घालतो. म्हणाला, 'बरं.' नंतरचे सात दिवस रोज फोन करत होता, आणि मी रोज तेच सांगत होते. अग्नी जावयाने दिला.

यांचं डोकं शेवटपर्यंत साफ होतं. दहाव्या दिवशी सकाळी मी त्यांचं तोंड पुसत होते. म्हणाले, 'नंदू निघाला का गं?'

म्हटलं, त्याला येता येत नाही.

म्हणाले, 'हो, ते खरंच.' आणि डोळे मिटले. माझ्यावर विश्वास होता त्यांचा.

त्याला येता येत होतं.