आप्पांचं ऑलरेडी

आमच्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, इंग्रजी फार येत नव्हतं. ‘ऑलरेडी’ मात्र येत होतं, आणि तेवढ्यावर त्यांनी सोलापुरातल्या एका गिरणीच्या ऑफिसात जावक क्लार्क म्हणून बावीस वर्षं काढली. बाहेर जाणाऱ्या पत्राची जावक रजिस्टरात नोंद करायची, पाकिटावर नंबर टाकायचा, पाकीट ट्रेमध्ये ठेवायचं. नोंद झाली की आप्पांच्या लेखी पत्र पोचलं. पुढं शिपाई ते घेऊन जातो, ही त्यांना किरकोळ बाब वाटायची.

घरातही तेच. ‘नळवाल्याला सांगितलं का?’ असं आईनं विचारलं की आप्पा म्हणायचे, ‘ऑलरेडी सांगितलंय.’ म्हणजे सांगायचं ठरवलंय. ‘आन् दळण?’ ‘ऑलरेडी टाकलंय.’ डबा दाराआड तसाच असायचा. आई म्हणायची, ‘व्हय, आन् भाकरी बी ऑलरेडी खाल्लीया की तुमी! उठा आता.’ आप्पा हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. डबा उचलून चालू लागायचे.

मी मॅट्रिक झाले ते सत्तरच्या दशकातलं एक साल. मला शाळेत शिकवायचं होतं. मामांनी वेळापूरचं एक स्थळ आणून ठेवलं होतं. मुलाला जमीन होती, पक्कं घर होतं, सगळं होतं. फक्त मला तो नको होता. आईनं निकाल दिला, ‘डी.एड.ला नंबर लागला तर शीक. न्हाय तर वेळापूरला व्हय म्हणून कळवायचं.’

कॉलेज घरापासून चालत वीस मिनिटांवर. मी म्हटलं, ‘मीच देऊन येते अर्ज.’

‘असली कागदपत्रं रीतीनं जावी लागतात,’ असं म्हणून आप्पा अर्ज ऑफिसात घेऊन गेले. संध्याकाळी विचारलं, तर ‘ऑलरेडी पाठवलाय.’

शेवटच्या दिवशी मला राहवेना. दुपारी कॉलेजात जाऊन विचारलं. अर्ज आलेलाच नव्हता. मी तशीच गिरणीच्या गेटवर गेले, आप्पांना बाहेर बोलावलं आणि रडत रडत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आत गेले आणि जावक रजिस्टर काखेत मारून आले. तोवर जावक रजिस्टर कधी गेटाबाहेर पडलं नव्हतं. त्यांनी मला सायकलवर मागं बसवलं आणि रजिस्टर माझ्या मांडीवर दिलं.

प्राचार्य बाईंसमोर त्यांनी ते उघडून धरलं. तारीख, नंबर, माझं नाव, सगळं सुवाच्य. ‘ऑलरेडी पाठवलाय, मॅडम.’

बाईंनी नोंद वाचली. ‘अक्षर छान आहे. अर्ज कुठं आहे?’

आप्पांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, ‘शिपाई लग्नाला मैंदर्गीला गेलाय.’

म्हणजे पाकीट चार दिवस ट्रेमध्येच होतं, आणि हे गृहस्थ त्याच ट्रेशेजारचं रजिस्टर उचलून आले होते! अगं बाई, मला असा संताप आला, वाटलं, तेच रजिस्टर यांच्या डोक्यात घालावं.

‘पाचपर्यंत मी आहे,’ बाई म्हणाल्या. घड्याळात साडेचार वाजले होते.

आप्पा गेले. मी रजिस्टर घेऊन व्हरांड्यात बसले. वेळापूरच्या घरात चूल कुठल्या बाजूला असेल, इथपर्यंत माझा विचार गेला. पाचला तीन मिनिटं असताना आप्पा आले. सदरा घामानं चिंब, एका पायात चप्पल नाही. पाकीट घामानं भिजू नये म्हणून हातातल्या टोपीत ठेवलेलं.

‘चुकलं माझं,’ ते बाईंना म्हणाले. ‘मी पाठवलाच नव्हता.’

असलं वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. माझा राग कुठल्या कुठं गेला आणि त्यांच्यासाठी जीव तुटायला लागला.

बाईंनी आवक रजिस्टरात नोंद केली. शाई वाळेपर्यंत आप्पा वाकून बघत होते. त्या नोंदीवर मी पुढं एकतीस वर्षं पोरं शिकवली.

घरी आई दारातच उभी. ‘दिला का अर्ज?’

आप्पांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग माझ्याकडं हात केला. ‘हिला विचार. माझं काही खरं धरू नकोस.’

‘दिला,’ मी म्हटलं.

आईनं त्यांच्या अनवाणी पायाकडं बघितलं. एरवी बोलायची संधी न सोडणारी ती बाई आत गेली आणि त्यांना पाय धुवायला पाणी घेऊन आली.