मातीच्या तीन पुड्या आणि आईचं नाक

इथले अनुभव मी दोन वर्षांपासून वाचतेय, पण खरं सांगायचं तर एकही मनापासून मानला नाही. लिहिणारे खोटं बोलतात असं नाही... पण घडून गेलेली गोष्ट आठवताना माणूस तिला नकळत नीटनेटकी करतो, असं मला वाटायचं. मी मायक्रोबायॉलॉजी शिकलेली मुलगी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटतेय – एवढं शिकून शेवटी हेच का? पण जे झालं ते आम्हा तिघांसमोर झालं, आणि त्यातली मुख्य गोष्ट मी घडली त्याच दिवशी वहीत लिहून ठेवली होती. ती वही आत्ताही समोर आहे. म्हणून लिहायची हिंमत करतेय.

आम्ही भिलाईचे, राहायला रिसालीत. बाबा स्टील प्लांटमध्ये गॅस लाइनच्या मेंटेनन्सवर आहेत. आईचं माहेर भंडारा जिल्ह्यात, लाखनीजवळ. धानाचा मुलूख. माहेरच्यांनी तिला काय दिलं असेल तर नाक! शेजारच्या घरातल्या भाताच्या वाफेवरून ती तांदळाची जात सांगायची. जुना की नवा, तेही.

तीन वर्षांपूर्वी तिला मोठा ताप आला आणि तो उतरला तेव्हा वास गेलेला होता. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून नाकाखाली एकेक बाटली धरली – कापूर, लवंग, कॉफी, व्हिनेगर. आई दर वेळी "नाई जी" म्हणत राहिली. डॉक्टर म्हणाले, येईलही कदाचित, नाहीही येणार.

आई एक दिवस रडली. दुसऱ्या दिवसापासून तिने स्वयंपाक कानाने शिकायला घेतला. फोडणी कधी झाली ते मोहरीच्या तडतडण्यावरून, भात कधी शिजला ते झाकणाखालच्या आवाजावरून. संक्रांतीला शेजारी डबे गेले, कोणाला काही कळलं नाही. मी पुस्तकांतून पुष्कळ शिकले, पण चाळीशी ओलांडल्यावर एखादं इंद्रिय बदलून घेणारी बाई मी घरातच पाहिली.

फक्त दोन गोष्टी तिला ऐकू येत नव्हत्या. भात बुडाला लागतो तो क्षण, आणि गॅस. त्या दोन्हींसाठी मी होते. "सुंग वं", म्हणजे हुंग गं, अशी हाक आली की मी जायची. दूध सुंग, तेल सुंग, शेगडी सुंग. एकदा कॉलेजातून आले तर अख्खं स्वयंपाकघर गॅसने भरलेलं... आणि आई त्यातच शांत बसून मेथी निवडत होती. बर्नरचं बटण अर्धवट फिरलेलं. त्या दिवसापासून मी ठरवलं होतं की भिलाई सोडायची नाही. पुण्याकडे वाइन टेक्नॉलॉजीची एमएस्सी होते, मला तेच शिकायचं होतं. वेबसाइट उघडायची, वाचायची, बंद करायची. घरी बोलले नव्हते.

शेवटच्या वर्षाचा माझा प्रोजेक्ट द्राक्षाच्या सालीवरच्या जंगली यीस्टवर होता. सर म्हणाले, वाइनच्या द्राक्षांचा एक कुठलातरी भाग निवड आणि नमुने स्वतः आण. वाइन कंपनीत नोकरीला असलेल्या एका सीनियर ताईने सुरुवात म्हणून द्राक्षवेलींखालच्या मातीच्या तीन पुड्या कुरिअरने पाठवल्या – दिंडोरी, नारायणगाव आणि पलूस. डिसेंबरचा पहिला आठवडा होता.

रविवारी जेवण झाल्यावर कुठे जायचं ते आम्ही निवडायला बसलो. २६ जानेवारीचा लाँग वीकेंड, त्याला बाबांनी सुट्टी जोडली, मतलब चार दिवस. गाडी आमची सेकंड हँड.

"पलूस होत नाही चार दिवसांत," बाबा मोबाइलवर नकाशा ओढत म्हणाले. "दिंडोरी फायनल कर. समृद्धीनं सीधा रस्ता. त्र्यंबकेश्वर पण होते."

"अजी, दारूच्या गावाले जायचं, अन् तिकडं देव पायता!" आई म्हणाली. "अन् मले त कोणी विचारतच नाही."

"बरं, तू सांग. सुंग अन् सांग."

बाबा थट्टेत बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. तीन वर्षांत आईला हा शब्द कोणी म्हटला नव्हता. पण आईने हात पुढे केला. "आन इकडं."

दिंडोरीची पुडी नाकाशी नेली. काही नाही. पलूस – काही नाही. नारायणगावची पुडी उघडली आणि तिचा हात तिथेच थांबला.

"चिन्नोर," ती म्हणाली.

चिन्नोर म्हणजे आईच्या माहेरचा बारीक, सुगंधी तांदूळ.

"काय?"

"चिन्नोर शिजून राहिला. चुलीवर." तिने परत श्वास ओढला. "लागला थोडा. बुडाले लागला."

मी पुडी घेतली. कोरडी धूळ. बाबांनीही हुंगली. "माती आहे. प्युअर माती."

वास गेलेल्या माणसांना कधी कधी जळका वास उगाच येतो, हे मी वाचलं होतं. म्हणून तिला डोळे मिटायला लावले आणि पुड्या अदलून-बदलून पाच वेळा दिल्या. पाचही वेळा तिने नारायणगावच ओळखलं. सहाव्यांदा म्हणाली, "गेला." त्यानंतर त्या पुडीला तिला कधीच वास आला नाही. मी वहीत लिहिलं – 'नारायणगाव पुडी. आई. चिन्नोर, चुलीवर, बुडाला लागलेला.'

मान वर केली तर बाबा नकाशात नारायणगाव टाकत होते.

"लांब पडते बाबा, छोडो ना."

"पडू दे," बाबा म्हणाले. "तीन सालात तिले पयला वास आला तो त्या गावाचा. तिथं नाई जायचं त कुठं जायचं?"

जानेवारीत ठरल्या दिवशी पहाटे निघालो. भंडारा गेलं तेव्हा आई काचेला नाक लावून बसली होती, मग 'काही नाई' म्हणत हसून मागे टेकली. शिर्डीला मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशी संगमनेर, आळेफाटा करत अकराच्या सुमारास ताईने पाठवलेल्या लोकेशनवर पोचलो. नारायणगावच्या बाहेर, रस्त्यापासून थोडा आत, वाइनच्या द्राक्षांचा मळा. घड लहान, काळे, दाटीवाटीने भरलेले. इतकं सुंदर काही मी पुस्तकातही पाहिलं नव्हतं. पार टोकाला राखणदाराची टिनाची खोली दिसत होती.

बाबांनी फाटकापाशी हॉर्न दिला. खोलीतून एक बाई पदराला हात पुसत चालत आली.

"कोन पायजे वो?"

हा माहेरच्या बोलीतला 'पायजे वो' ऐकून आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला लिहिता येणार नाही.

"आमी भिलाईहून आलो वो," आई म्हणाली. "पोरीले द्राक्षं पायजेत, कालेजसाठी. मालकाले फोन झाला आहे."

"अव माय! तुमी भंडाऱ्याकडच्या का वो?"

"लाखनीजवळची. तुमी?"

"लाखांदूर!"

झालं. नवरा जेसीबी चालवायला आला आणि इथेच राखणदार म्हणून राहिला, हे कळलं. कोणाची आत्या कोणाच्या गावी दिली, तिथपर्यंत दोघी पोचल्या. बाबा मला म्हणाले, "तू तोड अंगूर. हे आता पंधरा मिनिट हालत नाही." मी हातमोजे घालून पिशव्यांत घड भरायला लागले.

मध्येच आईचा आवाज थांबला. मी पाहिलं. तिने चेहरा वर केला होता.

"बाई," ती एकदम घाईने म्हणाली, "तुमचा भात लागून राहिला!"

ती बाई "अव माय!" म्हणत धावली.

घरचं नाक मी होते आणि मला काहीही वास येत नव्हता. खोली खूप लांब होती. वारा आमच्या पाठीकडून खोलीकडे वाहत होता – माझ्या रिकाम्या पिशव्या सारख्या तिकडेच उडत होत्या. मीही धावले. खोलीच्या दारात पोचले तेव्हा कुठे मला वास आला. चूल, वर पातेलं, बुडाला लागलेला भात.

"चिन्नोर आहे का हो?" मी विचारलं.

"हो ना. भावानं ट्रकवाल्याजवळ पाठवलं, परवाच आलं पोतं. आज पयल्यांदा टाकला."

"याच्या आधी कधी... इथे?"

"कुठचा वो. चार वर्सं झाले इथं राहून, इकडचाच तांदूळ खातो." ती पातेलं उतरवत हसली. "तुमी आल्या नसत्या त लागलाच नसता. बोलतच रायलो ना."

मी उंबऱ्यावर बसले. पुडी डिसेंबरात आली होती. तेव्हा तो तांदूळ लाखांदूरच्या खळ्यात असेल. आणि तो आज लागला तो आम्ही आलो म्हणून... आणि आम्ही आलो ते तो लागलेला वास आला म्हणून. मी हे मनात कितीदा सरळ मांडलं, ते दर वेळी गोल होतं.

त्या बाईने जेवल्याशिवाय सोडलं नाही. भात, पीठ लावून घट्ट केलेली आलनाची भाजी, मिरचीचा ठेचा. "खरवड मले द्या," आई म्हणाली, आणि पातेल्याच्या बुडाची करपलेली पापडी डोळे मिटून खाल्ली. मग तिने परत भात मागितला. माझी आई कोणाच्या घरी दुसऱ्यांदा मागत नाही.

फाटकाबाहेर गाडी आली तशी आई म्हणाली, "गेला." एखादं स्टेशन मागे पडावं तसं. दुःखाने नाही.

परतीला आम्ही समृद्धीला लागलो. मग आईच म्हणाली, "इकडंच शिकायचं आहे ना तुले? मोबाइलमदे पायत राहते ते?"

मी मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

"फारम भर."

"आणि गॅस? गॅस कोण सुंगन आई?"

यावर बाबा बोलले. रस्त्यावरची नजर न काढता. "आमच्या लाइनमधल्या गॅसले वासच नसते. एवढी वर्सं झाली, नाकाच्या भरोशावर रायलो असतो त मेलो असतो. मीटर लावतो आमी. घरी बी लावू. कावून रडतं?"

मी रडत होते हे मला तेव्हा कळलं.

घरी येऊन बाबांनी दुसऱ्याच दिवशी ओट्याखाली गॅसचा अलार्म लावला आणि सिगारेटच्या लायटरचा गॅस सोडून तीनदा वाजवून पाहिला. लाखांदूरच्या बाईने बांधून दिलेला चिन्नोर आईने शिजवला. सगळी गल्ली विचारायला आली, पण आईला काहीच वास आला नाही. डॉक्टरांकडे परत गेलो. कापूर, लवंग, कॉफी, व्हिनेगर – "नाई जी." नारायणगावच्या मातीत मला जे सापडलं ते दिंडोरीच्याही मातीत होतं. वेगळं काही नव्हतं.

योगायोग म्हणायचा तर वहीतली ओळ आड येते. कोणाला काही सुचलं तर नक्की सांगा, मी मनापासून वाचेन.

मी आता पुण्याकडेच शिकतेय. निघायच्या आदल्या दिवशी आईने ती नारायणगावची उरलेली पुडी डब्यातून काढून हुंगली.

"येते का वास?"

"नाई." तिने पुडी परत घडी घालून ठेवली. "ठेवते पण जवळ. तू तिकडं काही जाळशीन त समजन मले."

आम्ही तिघंही हसलो. पण इथे खोलीवर भात टाकला की मी शेगडीपुढून हलत नाही. फोन वाजू दे, मैत्रीण दारात येऊ दे. उगाच तिला तिकडे करपल्याचा वास नको.