दोन बाटल्या

आमच्या प्रयोगशाळेत त्याला सगळे गढूळराव म्हणायचे. काचेच्या लांबलचक टाकीच्या एका टोकाला हिरवा लेसर, दुसऱ्या टोकाला तो टिपणारं यंत्र. पाणबुड्याचा आवाज तारेशिवाय, नुसत्या उजेडावरून वर आणायचा होता. टाकीतलं पाणी मुद्दाम गढूळ करायचं काम याचं. त्यासाठी तो पित्ताचं पांढरं औषध ओतायचा. "टाकीला आज जळजळतंय का रे?" आम्ही रोज विचारायचो आणि तो रोज हसायचा.

त्याचा धाकटा भाऊ बंदरात पाणबुड्या होता. म्हणून हा स्वतः बंदराचं पाणी भरून आणून टाकीतल्या पाण्याशी ताडून बघायचा. औषधाच्या सात बाटल्या ओतल्या की पाणी जुळायचं. पण सातला आवाज तुटत होता.

चाचणीच्या दिवशी साहेब म्हणाले, "पाचच ओत. पाहुण्यांसमोर शोभा नको."

"साहेब, बंदरात सात..."

"बंदराचं बंदरात बघू."

त्यानं पाच ओतल्या. आम्ही साहेबांची री ओढली, मीही ओढली. यंत्र झोकात पास झालं.

महिन्याभरात ते बंदरात बसवलं आणि पाणबुड्यांच्या फोनच्या जुन्या तारा काढल्या. धाकटा म्हणाला, "दादा, तू तपासलंयस ना? मग मला कसली काळजी?" तेव्हा तरी यानं तोंड उघडायला हवं होतं. याचा मला अजून राग येतो, आणि माझाही येतो.

एका दुपारी धाकटा जहाजाच्या पंख्यात अडकलेलं जाळं कापायला उतरला. होडीत गढूळराव कानाला यंत्र लावून बसला होता, मी शेजारी. तळाचा गाळ उसळला. आवाज आला, "दादा, दोरी ओढ..." आणि बंद पडला.

"ओढ म्हणतोय!" हा ओरडला. आम्ही जीव खाऊन त्याच्या कमरेची दोरी ओढली. हवेची नळी दोरीत गुंतून पंख्याला अडकली होती. वर आली ती तुटकी नळी.

आठवड्यानं धाकट्याच्या बायकोनं विचारलं, "भाऊजी, शेवटचं काय म्हणाले ते?"

मी सोबत होतो. मला वाटलं, 'ओढ' म्हणाला असं सांगून हा मोकळा होईल.

"ओढू नको म्हणाला असणार," तो म्हणाला. "वर आलं फक्त 'ओढ'." मग त्यानं पाच आणि सातची सगळी हकिगत सांगितली. काही लपवलं नाही.

ती उठून आत गेली आणि दोन बाटल्या आणून त्याच्यापुढे ठेवल्या.

"हेच ना ते औषध?" ती म्हणाली. "यांना पित्ताचा त्रास होता. घरातच पडून होत्या, भाऊजी. मागायच्या होत्या."