नबीभाईचा कप माह्या घरी

माह्या घरी फळीवर एक पितळेचा कप हाय. 'तिहेरी शर्यत, अनसिंग, २६ जानेवारी १९७४, पहिला क्रमांक, देवमन' असं त्याच्यावर कोरलेलं हाय. माही माय पंचफुला दर सनावाराले तो चिंचेनं घासते अन आल्यागेल्याले दाखवते. ती कप हातात घेते तवा मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जातो. कारन तो कप माहा नाई. तो गुलाम नबीचा हाय.

गुलाम नबी म्हंजे आमच्या गावचा सायकलवाला. बस थांबते तिथी त्याचं दुकान. अर्ध्या गावाले त्यानं सायकल शिकवली, अन शिकवता शिकवता शिव्याबी देल्ल्या. "अबे हँडल धर, बैल हाकून राह्यला का!" दुसरा त्याचा नाद म्हंजे पानी. कोनाच्या इहिरीत घागर पडो, बादली पडो, बोलवा नबीभाईले. तो लुंगी खोचून सूर मारे अन लवकर वरच येत नसे. काठावरच्या बायाईचा जीव खालीवर होये, "अवं बाई, गेला का काय!" मंग हा घागर घेऊन वर येये अन दात काढे.

बहात्तरच्या दुष्काळात गावचा तलाव पार कोरडा पडला होता. पुढच्या साली तो तुडुंब भरला, तवा शाळेतले पी.टी.चे किसनसिंग मास्तर यांच्या डोक्यात शर्यतीचं आलं. आधी तलाव पोहून पार करा, तिथून सायकलनं तीन मैलाच्या दगडाले वळसा घालून या, अन मंग पळत शाळेच्या पटांगनात. मधात दम खायचा नाई. अकरा जनांनी नावं देल्ली. पह्यला कोन येईन हे मात्र गावानं आधीच ठरवून टाकलं होतं. नबीभाईनं तर दुकानात कप ठेवाले जागाबी करून ठेवली होती. त्याची बायको हुस्नाबानो हासे, "पह्यले जिंका तं सही!"

मी काहून नाव देल्लं? माहं वय बावीस, नवीनच मास्तरकी लागलेली. आमी बौद्ध. माह्या आज्याले त्या तलावाच्या पाळीवर पाय ठेवू देत नोते. त्याच तलावात आपून साऱ्या गावादेखत उडी मारायची, हे माह्या डोक्यात बसलं. आमचं सारं पुरं, सारी वस्ती, माह्या मांगं उभं राह्यलं. पन मी पोहायले शिकलो होतो इहिरीत, पाठीले सुका भोपळा बांधून. इहिरीत मानूस गोल गोल फिरते, दहा हात मारले का काठ हातात. माहा असा गैरसमज का मले लय पोहता येते. नबीभाई म्हनला होता, "देवमन, तलाव म्हंजे इहीर नोहे. दम राखून पोह्यजो." अन आपल्या दुकानातली सगळ्यात चांगली सायकल त्यानं मलेच देल्ली. असा तो मानूस.

त्या दिवशी थंडी अशी का दातावर दात वाजत होते. पाळीवर सारा गाव. आमच्या पुऱ्यातल्या बाया येगळ्या घोळक्यानं उभ्या, माय सगळ्यात पुढं. शिट्टी वाजली. मी जीव खाऊन हात मारले, नबीभाईच्या बरोबरीनं निंघालो. बाकीचे मांगं राह्यले. मले वाटलं, वा रे पठ्ठ्या!

अर्ध्याच्या पुढं, लव्हाळं माजलं होतं तिथी, माह्या पिंढरीत गोळा आला. पाय आखडला. मी काठ धराले हात टाकला, अन काठ कुठी हाय? नाकातोंडात पानी गेलं. मी बोंबलू बी शकलो नाई. खाली गेलो, वर आलो, पुन्हा खाली गेलो. एवढंच आठवते का कोनीतरी माहे केस धरले.

नबीभाई पुढं निंघून गेला होता. तो परत फिरला होता. त्यानं मले लव्हाळ्यातून ओढत ओढत उथळ पान्यात आनलं, पाठीवर बुक्क्या मारल्या, पानी काढलं. तेवढ्यात शिंपल्यानं त्याची टाच कापली, पानी लाल झालं. पाळीवरून हे दिसत नोतं, मधात लव्हाळं. पलीकडच्या काठावर पुंजाजी नंबर लिहाले बसला होता, तोबी बिडी पेटवण्यात. नबीभाई टाच दाबून बसला अन म्हनला, "तू हो पुढं, मी आलो."

अन मी गेलो.

हेच सांगाचं होतं मले. मी थांबलो नाई. "भाई, लय लागलं का?" एवढंबी इचारलं नाई. मांगं बाकीचे पोहत येत होते, माह्या डोक्यात फक्त एकच, पह्यला नंबर. मी सायकलवर बसलो. सायकल अशी पळत होती का पायाले जोरच लागत नोता. त्याच्याच हातानं तेल देल्लेली.

पटांगनात आमच्या पुऱ्यानं मले खांद्यावर घेतलं. माय रडत होती. "माह्या लेकानं नाव काढलं वं!" तिचं तोंड पाह्यलं अन माह्या तोंडाले कुलूप बसलं. मनात म्हनलं, उद्या सांगू. नबीभाई शेवटून पह्यला आला, लंगडत. लोकाईनं टवाळी सुरू केली. "काय भाई, तुमचीच सायकल पंक्चर?" तो म्हनला, "काटा रुतला ना बाप्पा." माह्याकडं पाह्यलंबी नाई. त्या दिवसापासून गावानं त्याचं नाव पंक्चरभाई पाडलं, ते कायमचंच.

सांगाचा तो 'उद्या' काही आला नाई. मले त्याच्या दुकानापुढून जायची लाज वाटे. मंग मी शाळेत जाले गुराईची वाट धरली. टायर फाटलं तर सायकल हातात धरून वाशीमले नेली, पन त्याच्या दुकानावर गेलो नाई. पाच वर्सं. लोक म्हनत, देवमन मास्तर आता मोठा झाला. मी चोरासारखा फिरत होतो, अन गाव मले मोठा म्हनत होतं!

औंदा, एकोनऐंशीच्या सव्वीस जानेवारीले, किसनसिंग मास्तरनं मले नव्या शर्यतीचा पाहुना म्हनून बोलावलं. हार घातला, माईक हाती देल्ला. समोर नबीभाई खाली बसून पोराईच्या सायकलीत हवा भरत होता. माह्याच्यानं राहवलं नाई. मी सारं सांगून टाकलं. लव्हाळं, केस, टाच, सारं. वाटलं, आता लोक थुंकतीन.

लोकाईनं टाळ्या वाजवल्या.

"पाहा, मानूस किती मोठ्या मनाचा! हारलेल्यालेबी मान देऊन राह्यला!" किसनसिंग मास्तरनं हासत इचारलं, "काय नबीभाई, खरं हाय का हे?" तो पंप खाली ठेवून उठला. "नाई जी," तो म्हनला, "मास्तर शरीफ आदमी हाय, म्हनून म्हनते." पुन्हा टाळ्या. घरी आलो तं माय रागावली, "चार लोकात असं खोटं काहून बोल्ला रे बाप्पा?"

मी तसाच उठलो अन त्याच्या दुकानावर गेलो. पाच वर्सांत पह्यल्यांदा. तो ट्यूब पान्यात बुडवून बुडबुडे पाहत होता.

"भाई, तू नाई काहून म्हनला?"

"तं काय म्हनू? तुह्या मायची मान साऱ्यासमोर खाली करू?" त्यानं वर पाह्यलं नाई. "कप गेला चुलीत, देवमन. मी त्या दिवशीच मनात म्हनलं, जाऊ दे, त्याईच्या पुऱ्यात आज दिवाळी हाय. पन तू माह्या दुकानापुढून जानं काहून सोडलं? मी रोज पाहो, आज तरी हा येईन. गुराईच्या वाटेनं जाताना दिसे तू मले. हुस्नाबानो म्हने, त्याले तुमची शरम वाटते. आज शंभर लोकाईले सांगितलं तू. मले म्हनलं का, एकदा तरी?"

खरंच म्हनलं नोतं. कसंबसं तोंडून निंघालं, "नबीभाई, तू मले वाचवलं, अन मी तुले तसाच टाकून पळालो."

त्याचे दोनी हात ट्यूबीत गुंतलेले होते. त्यानं डोळे खांद्यानं पुसले.

"पाच वर्सं लागले बे तुले," तो म्हनला.

मी तिथीच खाली बसलो अन ट्यूबीची दुसरी बाजू पान्यात धरली.