उलटी पिशवी

"ए बाई, लांब! तिथंच थांब. पुढे येऊ नको."

साहेब गाडीतून उतरला तो तोंड बांधूनच. साधा रुमाल नव्हे. नाकावर घट्ट बसलेला रबरी मास्क, दोन्ही गालांवर डब्यांसारखं काहीतरी. आवाज आतून घुसमटून येत होता, पण हात स्पष्ट बोलत होता. तळहात माझ्याकडे, बोटं वर. कुत्र्याला थांबवतात तसा.

मुकादमाने सांगितलं होतं, साहेबांना पाणी दे. म्हणून मी डोक्यावरची पिशवी उतरवली, हात धुतले, स्टीलचा पेला विसळला, भरला आणि घेऊन निघाले. हात धुतले होते मी. हे अजून सांगावंसं वाटतं, इतकं ते बोचलंय.

"नको पाणी. कुणी सांगितलं तुला? झटकू नको इकडे. मागे हो."

मी झटकत नव्हते. नुसता पदर सावरला होता. केसांत, पापण्यांवर, ब्लाउजच्या बाह्यांवर पांढरी भुकटी होती, ती थोडी उडाली असेल. मुकादम दात काढून हसला. बाकीच्या बायांनी माना खाली घातल्या. मी माघारी फिरले, पडक्या भिंतीच्या आड गेले आणि ते पाणी स्वतःच प्याले. डोळे भरून आले होते ते कुणाला दिसायला नको होतं.

राग आला. पण तो राग माझ्या ओळखीचा होता, आणि तिथेच माझी फसगत झाली.

माझी आजी गावी खोताच्या अंगणाबाहेर उभी राहून ताक घ्यायची. वरून ओतलेलं. बाप मुंबईला गिरणीत आला तर साचेखात्याचं, म्हणजे विणायच्या खात्याचं, दार आमच्या माणसांना बंद. का, तर मागावरच्या धोट्यातून धागा तोंडाने ओढून काढावा लागायचा. आमच्या तोंडाचा धागा दुसऱ्याच्या तोंडाला लागला तर? म्हणून बाप ब्लोरूममध्ये, आणि त्याच्या मागोमाग माझा दादाही ब्लोरूममध्ये. तिथे कापसाच्या गाठी फोडायच्या. अख्ख्या गिरणीत सगळ्यात जास्त धूळ तिथे. आमचा श्वास धाग्याला चालत नव्हता, पण धूळ आमच्या श्वासाला चालत होती.

तेव्हा साहेबाने मला लांब उभं केलं, हातचं पाणी नाकारलं, तर कारण विचारावं असं मनातही आलं नाही. कारण मला पाठ होतं. दुसरं काही कारण असेल असं वाटलंच नाही.

गिरण्यांचा संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. तो नुसता संपत गेला, आणि आम्हीही. माझा नवरा संपात गावी गेला तो तिकडचाच झाला. मी वाइंडिंग खात्यात, धागा गुंडाळायला होते, ते खातं पुन्हा उघडलंच नाही. नायगावच्या चाळीत दादाच्या खोलीत आले. दादा, वहिनी, त्यांची मुलगी आणि मी. मिळेल ते काम करत राहिलो. आणि काही वर्षांनी लालबागची आमचीच गिरणी पाडायचं काम निघालं. टॉवर होणार होता. पाडायला माणसं हवी होती, आणि गिरणीच्या माणसांइतकी स्वस्त माणसं तेव्हा परळ-लालबागात दुसरी नव्हती. ज्या गेटवर घोषणा दिल्या त्याच गेटमधून आम्ही घण घेऊन आत गेलो.

आमच्या वाट्याला बॉयलरखाना आला. वाफेच्या जाड नळ्या, आणि त्यांना बाहेरून गुंडाळलेलं पांढरं काहीतरी. वरून खरवडलं की चुन्यासारखं सुटायचं, आत मात्र मऊ, तंतुतंतूचं. आम्ही त्याला कापूस म्हणायचो. गिरणीत पांढरं आणि मऊ दिसलं की आम्हाला दुसरा शब्द सुचत नाही.

दादाने पहिल्याच दिवशी त्यातली चिमूट घेतली, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरली आणि हळूच ओढली. ब्लोरूमचे जुने लोक तसंच करायचे, कापूस हातात आला की आधी त्याची तार किती लांब आहे ते बघायचं. मग नाकाजवळ नेऊन फुंकर मारायची.

"बघ गं, तार काय लांब आहे याची," दादा म्हणाला. "असला माल आमच्या हातात कधी आला नाय."

किती खूश झाला होता! कित्येक वर्षांनी त्याच्या बोटांना त्यांचं काम मिळालं होतं. रोज नळ्या सोलता सोलता तो चिमूट काढायचा, ओढायचा, फुंकायचा. एका बाईने तर उशीत भरायला थोडा घरी नेला. गिरणी चालू असताना गेटवर झडती व्हायची, पदराच्या टोकातला कापूससुद्धा काढून घेत. आता पिशवी भरून नेला तरी वॉचमन हूं की चूं करत नव्हता. हे तेव्हाच खटकायला हवं होतं. फुकट काही देणारी जात नव्हती ती.

मग पिवळ्या पिशव्या आल्या. जाड प्लॅस्टिकच्या, नव्याकोऱ्या. मुकादमाने बायकांना एक जादा काम लावलं. भरण्याआधी प्रत्येक पिशवी उलटी करायची.

"छापील बाजू आत," तो म्हणाला.

"का ओ?"

"साहेबाची ऑर्डर. तुला काय करायचंय? उलट म्हटलं की उलट."

आम्ही उलटल्या. शेकड्यांनी उलटल्या. वाटलं, दुसऱ्या कंपनीच्या पिशव्या असतील, नाव दिसायला नको असेल. आत हात घालून कोपरे बाहेर ओढायचे, मग कापूस भरायचा, तोंड सुतळीने आवळायचं. छापलेलं सगळं आत, कापसाकडे तोंड करून. बाहेर नुसता पिवळा रंग.

ज्या दिवशी साहेबाने माझं पाणी नाकारलं त्याच संध्याकाळी मी एक रिकामी पिशवी घरी आणली. खिडकीची काच फुटली होती, तिथे लावायला. दादाची मुलगी माटुंग्याला कॉलेजात जायची, घरात इंग्रजी येणारी ती एकटीच. मी पिशवी खिडकीला धरली तर छापील बाजू तिच्याकडे आली. कोपऱ्यात बारीक कवटी होती त्यावर, उलटताना आम्ही कधी नीट बघितलीच नव्हती. विजेच्या खांबावर असते तशी.

"आत्या, हे कुठून आणलंस?"

"कामावरून. काय लिवलंय?"

तिने वाचलं. मग मराठीत सांगितलं, एकेक शब्द शोधत. यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे. याची धूळ श्वासात घेणं जिवाला घातक. पिशवी उघडू नका. काम करताना मास्क लावा. तिला तो शब्द पुस्तकातून माहीत होता. ती म्हणाली, तो कापूस नाही, दगड असतो, दगडाचे तंतू. ते छातीत गेले की बाहेर येत नाहीत. त्रास लगेच होत नाही, कैक वर्षांनी होतो.

बोलता बोलता तिने माझ्या बाह्यांकडे पाहिलं. केसांकडे पाहिलं. आणि ती मागे सरकली.

माझी भाची. मी न्हाऊमाखू घातलेली. माझ्याच ताटात जेवणारी. ती मागे सरकून भिंतीला टेकली आणि तिने ओढणी नाकाला लावली. साहेब उभा होता तितक्याच अंतरावर.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. साहेब माझा विटाळ मानत नव्हता. साहेब घाबरत होता! त्याला माहीत होतं. "लांब", "झटकू नको", "मागे हो" हाच तर इशारा होता. पिशवीवर इंग्रजीत छापलेला, त्याच्या तोंडून मराठीत आला होता. फक्त तो स्वतःच्या जिवापुरता देत होता. आणि मी? मी त्यात आजीचा अपमान ऐकला आणि गप्प बसले. पिढ्यान्‌पिढ्या लांब उभं राहायची इतकी सवय लावली होती आम्हाला, की लांब का, हा प्रश्नच मरून गेला होता. त्या सवयीवर त्याचं काम बिनबोभाट चाललं होतं. विटाळ मानत असता तर परवडलं असतं. हा माणूस आमच्या मरणाचा हिशेब करून मास्क लावून यायचा.

त्या रात्री दादाला सांगितलं. तो आपली बोटं बघत राहिला. मग म्हणाला, "मी फुंकत होतो गं रोज." वहिनी रडायला लागली तसा उठून बाहेर गॅलरीत गेला.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि नव्या पिशव्यांचा गठ्ठा उलटा न करताच वाटला. भरलेल्यांपैकी ज्यांवर हात पोचला त्यांच्यावर विटेच्या तुकड्याने कवटी काढली आणि खाली मराठीत लिहिलं, विष. अक्षर वाकडं आलं, पण लांबून वाचता येत होतं. बायकांना सांगितलं, पदर नाकाला बांधा आणि बाहेर या. ज्या बाईने उशी भरली होती ती तशीच घराकडे धावत सुटली.

साहेब आला. मास्क लावून.

"पिशव्या उलट्या कुणी केल्या?"

"उलट्या तुम्ही केल्या साहेब," मी म्हटलं. "मी सुलट्या केल्या."

"लांब उभी राहून बोल."

मी पुढे गेले. तो म्हणाला थांब, मी थांबले नाही. तो मागे सरकला, मी आणखी पुढे. भुकटीने भरलेला पदर दोन्ही हातांत धरला.

"झटकू का साहेब?"

जो माणूस आदल्या दिवशी हाताने मला थांबवत होता तो पळाला. अक्षरशः पळाला. गाडीत बसून त्याने काचा वर घेतल्या. काचेआडून तोंड हलत होतं, ऐकू येत नव्हतं. मी काचेवर हात आपटून ओरडले, "तुझं नाक ते नाक, आणि माझ्या भावाचं काय गटार? तोंडाने सांगता येत नव्हतं? एवढं मराठी येतंय तुला, लांब हो म्हणण्यापुरतं!"

दादा बॉयलरखान्यातून बाहेर आला. हातातला कापूस खाली टाकला, तळवे मातीत घासले आणि माझ्यामागून गेटबाहेर पडला. आठदहा जण आले आमच्यासोबत. दुसऱ्या दिवशी मुकादमाने दुसरी माणसं आणली. पिशव्या पुन्हा उलट्या झाल्या. आम्ही सरकारी कचेरीत जाऊन तक्रार केली. तिथला माणूस म्हणाला, पिशव्यांवर इशारा छापलेला आहे, नियम पाळलाय. कुठल्या बाजूला, हे त्याला बघायचं नव्हतं.

दादा पुढे कैक वर्षं बरा होता. मग जिना चढताना थांबायला लागला. मग बोलताना थांबायला लागला. हॉस्पिटलात डॉक्टरने विचारलं, गिरणीत होता ना? मग कापूसच.

"डॉक्टर, शेवटी होता तो कापूस नव्हता," मी म्हटलं.

"मावशी, गिरणीवाल्यांचं असंच असतं हो," तो म्हणाला आणि पुढच्या खाटेकडे गेला.

दादा खाटेवर हसला. दम खात खात म्हणाला, "तार लांब होती गं. म्हणून आत अडकली." त्याच आठवड्यात तो गेला. कापसाने गेला असंच सगळे म्हणतात. मी म्हणू देत नाही.

आता आमची चाळ पाडतायत. गेल्या आठवड्यात मागच्या शेडचे जुने सिमेंटचे पत्रे निघत होते, आत तेच दगडाचे तंतू. वर लांबून आलेली माणसं, उघड्या तोंडाने, घणाने पत्रे फोडून खाली टाकत होती. खाली हेल्मेट घातलेला एक शिकलेला मुलगा. मला बघून त्याने नाकावरचा मास्क नीट केला आणि अदबीने म्हणाला, "आजी, प्लीज जरा लांब उभ्या राहा."

"का?" मी विचारलं.

"धूळ वाईट असते हो याची."

"वरच्या माणसांना सांगितलंस?"

कोपऱ्यात पिवळ्या पिशव्यांचा गठ्ठा होता. मी वाकून बघितलं. उलट्या.

मी प्लॅस्टिकची खुर्ची आणून बरोब्बर शेडच्या खाली टाकली आणि बसले. काम थांबलं. रोज सकाळी येऊन बसते आणि त्या मुलाला सांगते. पत्रे भिजवा, न फोडता उतरवा. वरच्या प्रत्येकाच्या नाकाला तुझ्या नाकाला आहे तसाच मास्क. पिशवी सुलटी, आणि तिच्यावर काय लिहिलंय ते त्यांच्या भाषेत, मोठ्याने, माझ्यासमोर सांगायचं. तोवर एक पत्रा खाली येणार नाही. टाकायचाच असेल तर माझ्या डोक्यावर टाका. मी लांब होणार नाही.